आवाज बंद पडला त्या उन्हाळ्यात

“‘सप्रेम नमस्कार, विनंती विशेष’ असं लिही,” आमचे हे म्हणाले, तेव्हा मी कीबोर्डवरून हातच उचलले.

“अहो, लग्नाचं आमंत्रण आहे का हे? कॉम्प्युटरातलं बिघडलंय ते कळवायचंय ना?”

“लिही तर.”

“आणि पुढं?”

“पुढं लिही, घरी सर्व क्षेम असेल अशी आशा आहे. मग बिघाड.”

कर्म माझं! समोर जे पान उघडलं होतं, त्यावर जगभरातले लोक दोन-दोन ओळींत इंग्रजीत ओरडून गेले होते. हे चालत नाही, ते अडकतं, कधी दुरुस्त करणार? त्यांच्यामध्ये आमचं हे पत्र जाऊन बसलं, डोक्यावर नमस्कार आणि पायाशी ‘कळावे, लोभ असावा’ घेऊन. मी सगळी नोकरी पोस्टाच्या खिडकीमागं केली. कुठल्या कागदावर काय लिहायचं एवढं मला कळत होतं. पण ह्यांच्यापुढं माझं कधी चाललं नाही.

हे शाळेत विज्ञान शिकवायचे. आधी खुलताबादला, मग शहरात. साखरेनं डोळ्यांच्या पडद्यावर घाला घातला आणि निवृत्तीनंतर थोड्याच काळात नजर गेली. इंजेक्शनं झाली, लेझर झालं, पुण्याच्या वाऱ्या झाल्या. हाती आलं ते एवढंच की उजेड आहे का अंधार, ते कळायचं. ज्या माणसाला पेपर पहिल्या पानापासून निविदा सूचनांपर्यंत वाचल्याशिवाय चहा गोड लागत नव्हता, तो खुर्चीत बसून पंख्याचा आवाज ऐकत राहायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, मजेत आहे. मजेत कसला? मी रोज बघत होते ना.

मग लेकीनं पुण्याहून येऊन कॉम्प्युटरमध्ये तो आवाज घालून दिला. पडद्यावर जे लिहिलं असेल ते मराठीत वाचून दाखवणारा. विकत घ्यायचा नाही, फुकट. शिवाय तो कसा बनवलाय हेही उघडं ठेवलेलं. ज्याला त्यातलं कळतं त्यानं आत बघावं, दुरुस्ती करावी, पुढच्याला द्यावं. ह्यांना ते फार आवडलं. म्हणाले, पदार्थ पण देतो आणि कृती पण देतो, असा आचारी मी पाहिला नाही. आवाज तसा काही गोड नव्हता. सर्दी झालेल्या तलाठ्यानं सातबारा वाचावा तसा वाचायचा. पण पहिल्या दिवशी त्यानं अख्खा अग्रलेख वाचून दाखवला आणि हे मान खाली घालून बसले. मी जवळ गेले तर गालावरून पाणी ओघळत होतं. मला वाटलं ओरडून सगळ्या कॉलनीला सांगावं. मी आपली स्वयंपाकघरात जाऊन शिरा केला, बिनसाखरेचा.

तो आवाज एकाच माणसानं बनवला होता. परदेशात नोकरी करणारा आपलाच मराठी माणूस. ज्या आत्यानं त्याला लहानपणी सांभाळलं तिची नजर गेली, म्हणून तिच्यासाठी त्यानं तो बनवला. आत्या गेली. आवाज मात्र शेकडो लोक वापरू लागले होते. मग दिवसाची नोकरी संपल्यावर, सुट्टीच्या दिवशी, तो त्याची डागडुजी करत बसायचा. मी त्याला ‘आवाजवाला’ म्हणायचे. त्या वर्षी आमच्या तोंडात टँकरवाला, जारवाला, बोअरवाला हेच शब्द होते, त्यात हा एक.

बिघाड काय, तर बाजार समितीच्या भावाचे तक्ते आले की आवाज मधल्या ओळी गाळायचा. ह्यांनी तो कळवला तो शाळेतल्या प्रयोगासारखा. आधी साहित्य: कुठला कॉम्प्युटर, आवाजाची कुठली आवृत्ती. मग कृती: काय उघडलं, कुठलं बटण दाबलं. मग निरीक्षण. मग अनुमान. मी लिहिता लिहिता “आवाज मूर्खासारखा ओळी खातो” असं टाकलं आणि वाचून दाखवलं, तर हे एकदम सर झाले.

“निरीक्षणात मत घालायचं नाही. जे झालं ते लिही. मूर्ख आहे का शहाणा, ते अनुमानात बघू.”

दुसऱ्या दिवशी त्या पानावर कुणीतरी इंग्रजीत चिमटा काढला की कृपया इथं फक्त बिघाड कळवावेत, कौटुंबिक चौकशा नकोत. मी म्हटलं, घ्या! हे म्हणाले, “बरोबर आहे त्याचं.” आणि पुढच्या वेळी परत क्षेम विचारलं.

आवाजवाल्याचं उत्तर मात्र मराठीत आलं. लिहिलं होतं: “सर, इतकी वर्षं हे करतोय, घरी सर्व क्षेम आहे का असं पहिल्यांदाच कुणी विचारलं. आहे. तुमच्याकडे?” खाली एक ओळ होती की बिघाड लगेच सापडला, कारण कुठं बघायचं ते तुम्ही सांगितलंच होतं.

खिडकीमागं बसणाऱ्याला ते कळतं. लोक येतात ते मनिऑर्डर आली नाही म्हणून, पत्र हरवलं म्हणून. मनिऑर्डर वेळेवर पोचली, हे सांगायला कुणी रांग लावत नाही.

पाण्याचं सांगायला हवं. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. आम्ही गारखेड्याला राहायला आलो तेव्हा मागं ज्वारीची शेतं होती. आता चारी बाजूंनी उंच इमारती उठल्या होत्या आणि प्रत्येकीनं आपलं बोअर खाली खाली नेलं होतं. आमचं बोअर धूळ ओकायला लागलं. नळाला आठवडा उलटून पाणी यायचं. मग इमारतीनं टँकर लावला. टँकर येण्याआधी खालचा हौद घासून ठेवायचा, असा आमच्याकडं नियम होता. नाहीतर तळाचा गाळ ढवळून सगळ्यांच्या घरात जायचा. प्रत्येक घराची पाळी. आता नियम म्हटला की पळवाटा आल्याच. कुणाची कंबर धरायची, कुणाचं नेमकं लग्न निघायचं. बादल्या घेऊन रांगेत मात्र सगळे पहिले.

आमची पाळी आली तेव्हा सेक्रेटरी म्हणाला, “सर, तुमचं राहू द्या.” हे लुंगी वर खोचून शिडीपाशी उभे. म्हणाले, “आत दिवसासुद्धा काळोखच असतो. तुम्हाला बॅटरी लागते, मला तीही नको.” आणि उतरले. मी वरून झाकणातून बघत होते. हाताच्या पंजानं तळ चाचपत, खराट्यानं घासत, घमेलं भरून वर देत होते. वर आले ते गुडघ्यापर्यंत चिखल आणि चेहऱ्यावर असं हसू की बस्स. मला राग येत होता आणि अभिमानही वाटत होता. दोन्ही एकदम.

त्या दिवशी चहाला आमचा शेजारी आला होता. आवाजाचा विषय निघाला. शेजारी म्हणाला, “फुकट ते पौष्टिक, सर. चाललं तोवर चाललं, बंद पडलं तर दुसरं बघायचं.”

हे म्हणाले, “फुकट कसलं? कुणीतरी खाली उतरून घासतंय, म्हणून वर नळाला स्वच्छ येतंय. आपल्याला ते प्रोग्रॅम लिहिणं येत नाही, कबूल. पण घमेलं धरता येईल की नाही?”

आणि धरलं त्यांनी. नवीन सुधारणा आली की सगळ्यांना देण्याआधी आवाजवाला ह्यांना पाठवायचा, हे ती वापरून निरीक्षणं कळवायचे. लेकीला कामाला लावून आज्ञांचे शब्द मराठीत आणवले. आवाज कसा बसवायचा, कसा वापरायचा, ते स्वतःच्या तोंडानं सांगून ध्वनिफीत केली. मागं माझ्या कुकरच्या शिट्ट्या आहेत त्यात. ज्याला जमेल त्यानं आवाजवाल्याला थोडे पैसे पाठवावेत, ज्याला नाही जमत त्यानं निदान चाललंय एवढं कळवावं, असं लोकांना सांगायचे. आमचा फोन नंबर आंधळ्या माणसांत कसा पसरला देव जाणे. दुपारी डोळा लागला की वाजायचाच.

त्यात शेंद्र्याची एक बाई होती. तिथल्या एका कंपनीच्या ऑफिसात फोन घ्यायची, निरोप कॉम्प्युटरवर घालायची. लहानपणापासून दिसत नव्हतं. “जय भीम, सर” अशी सुरुवात करायची आणि मग तासभर दोघांचं चालायचं. ती धडाधड शिकली. पुढं नवीन लोकांचे फोन हे तिच्याकडंच वळवायला लागले. मी म्हणायचे, “अहो, ती नोकरी करते का तुमची शाळा चालवते?” तीच फोनवर ओरडून सांगायची, “मॅडम, लई मजा येते हो!”

आवाज घरी आल्यापासूनचा तिसरा उन्हाळा लागला आणि एका सकाळी आमचा कॉम्प्युटर आपला आपणच नवा होऊन बसला. कॉम्प्युटरवाल्या कंपनीनं काहीतरी बदललं होतं. पडदा झकपक दिसत होता, आणि आवाज गेला. हे बटणं दाबत राहिले. परत दाबली. मग खुर्ची मागं सारली. लेकीनं पुण्याहून फोनवर तास-तास खटपट केली, पण मागं जायची वाट बंद झाली होती. दुसरा एक हिंदीचा आवाज होता. तो मराठी वाचायचा म्हणजे परगावच्या पाहुण्यानं आपल्या देवाची आरती म्हणावी तसं. हे दोन दिवसांत कंटाळले.

फोनवर फोन. शेंद्र्याच्या बाईचा रडवेला आवाज, “सर, माझं काम अडलंय हो. साहेब म्हणतेत, सुट्टी टाका तोवर. तोवर म्हणजे कधीवर?”

त्या पानावर तर दंगल उसळली होती. मी एकेक वाचून दाखवत होते. काय एकेक भाषा! ज्यानं वर्षानुवर्षं वाचून दाखवलं त्याला शिव्या. गरज सरो वैद्य मरो म्हणतात, इथं गरज सरायच्या आधीच वैद्याला मारायला निघाले होते. आणि त्या सगळ्याच्या खाली आवाजवाल्याचा निरोप होता. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आलाय, मी नोकरी सोडून गावी परत आलोय, त्यांचं सगळं मलाच करावं लागतं. हे काम थांबवतो आहे. कुणाला पुढं न्यायचं असेल तर सगळं उघडं आहेच. माफ करा.

ह्यांनी तो परत एकदा वाचायला लावला. मग म्हणाले, “लिही. सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. आधी वडिलांकडे बघा. आवाज थांबला तर थांबू द्या. तुम्ही आम्हाला पुष्कळ वाचून दाखवलंत.”

माझं डोकं सणकलं. “अहो, तुम्ही वाचणार काय आता? त्याला म्हणा, चार दिवस लागू देत पण दुरुस्त करून मग थांब. एवढं तरी मागा!”

“त्याचे वडील पडलेत गं.”

“आणि तुम्ही? तुम्ही उभे आहात का?”

नव्हतेच. साखरेनं डोळ्यांनंतर किडन्या धरल्या होत्या. एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं होतं. मी टाइप केलं, पण रडत रडत केलं. ते त्यांना दिसलं नाही. नाक ओढल्याचं ऐकू आलं असेल.

मग मी पेपर वाचून दाखवायला लागले. मनापासून वाचायचे. पण माझा स्वभाव! पाण्याच्या, पुढाऱ्यांच्या बातम्या आल्या की माझी जीभ थांबायची नाही. एका ओळीला माझी तीन वाक्यं. हे ऐकून घ्यायचे. एकदा माझा हात हातात घेऊन म्हणाले, “मला तुझा कंटाळा नाही गं. पण मला एकट्यानं वाचायचंय.”

भांडण झालं असतं तर बरं, असं मला तेव्हा वाटलं. बायकोनं कितीही जीव ओतून वाचलं तरी ते दुसऱ्यानं वाचलेलं. ह्या माणसाला जायच्या आधी एकदा, स्वतःच्या खुर्चीत, स्वतःच्या बोटानं बटण दाबून वाचायचं होतं. बस, एवढंच त्याचं मागणं उरलं होतं. आणि तेवढं माझ्या हातात नव्हतं.

पण हे गप्प बसले नाहीत. डायलिसिसच्या खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, “टँकर कधी येईल ते आपल्या हातात नाही. हौद घासून ठेवायचा.” मग आमचा उद्योग सुरू झाला. पानावरच्या त्या सगळ्या शिव्याशापांतून मी कामाचं तेवढं वेचून वाचायचे. कुणाचा कॉम्प्युटर कुठला, आवाज कधी गेला, कुणाचा अजून चालतोय. शेंद्र्याची बाई ज्याला त्याला फोन करून उरलेलं विचारून घ्यायची. सुट्टीवर बसवलेलीच होती, म्हणायची, “टाइमच टाइम हाय, सर.” हे सगळं लावून सांगायचे: साहित्य, कृती, निरीक्षण. एकाच बिघाडाच्या ढीगभर तक्रारींची एकच स्वच्छ तक्रार व्हायची. लेक तिचं इंग्रजी करून टाकायची, म्हणजे जगातल्या दुसऱ्या कुणाला उचलायची झाली तर उचलता यावी. शिव्या देणाऱ्यांनाही हे क्षेम विचारून उत्तर द्यायचे. हळूहळू तिथली भाषा जरा माणसात आली. दोघं-तिघं परक्या देशातले जाणकार येऊन हात लावून गेले. आवाजवाल्याचा मात्र पत्ता नव्हता.

“आलं का काही?” डोळे मिटूनच विचारायचे.

“नाही अजून.”

“वडील बरे असतील ना त्याचे?”

मला त्या वडिलांचं कौतुक ऐकवत नव्हतं. माझा माणूस माझ्यासमोर विझत होता आणि त्याला पडली होती कुठल्या गावच्या म्हाताऱ्याची. मी तोंड फिरवून बसायचे. खाली दवाखान्याच्या दारात टँकरचा पाइप धडधडत असायचा. यंत्रालाही पाणी लागतंच.

मृग लागायच्या आधी हे गेले. सकाळी, बोलता बोलता. लेक पोचली होती, एवढं बरं. घर माणसांनी भरलं, हौद रिकामा होता. तेव्हा शेजाऱ्यानं, त्या ‘फुकट ते पौष्टिक’वाल्यानं, न सांगता खाली उतरून तो घासला आणि टँकर मागवला. मी त्याला नुसते हात जोडले.

दिवसकार्य झालं, लेक गेली. मी कॉम्प्युटरवर फडकं टाकून ठेवलं होतं. पण लाइटबिल भरायचं होतं म्हणून एका दुपारी उघडला, तर आवाजवाल्याचं पत्र येऊन पडलेलं. वर ‘सप्रेम नमस्कार, विनंती विशेष’. पुढं लिहिलं होतं: “सर, बऱ्याच दिवसांनी ते पान उघडलं. भीत भीतच उघडलं. वाटलं होतं सगळा गाळ साचला असेल. पण तुम्ही सगळं इतकं नीट लावून ठेवलं होतं, की वडील झोपल्यावर थोडं थोडं बसून काम झालं. नवा आवाज सोबत पाठवतो आहे. अजून कुणालाच दिलेला नाही. आधी तुम्ही ऐका, चालतोय म्हणालात तर सगळ्यांना देतो. घरी सर्व क्षेम?”

राग म्हणाल तर कुणावर करायचा? तो तरी बिचारा काय करणार होता. तरी राग आला. थोडा आधी आला असता तर, एकदा, फक्त एकदा…

तेवढ्यात फोन वाजला. शेंद्र्याची बाई. हे गेल्याचं कळल्यापासून ती रोज करायची, मी जेवले का ते विचारायला. आज मी तिला म्हटलं, आवाज आलाय. पलीकडून बारीक आवाजात, “मॅडम, चालतोय का?”

तिची नोकरी त्यावर टांगलेली होती. कोण जाणे अजून किती जणांचं काय काय. आणि सगळ्यांना तो मिळणार होता आमच्या घरून ‘चालतोय’ गेल्यावर. मी म्हटलं, “थांब, बघते.”

ह्यांच्या खुर्चीत बसले. ते जसं सांगायचे तसंच एकेक केलं. आवाज बसवला. मग डोळे मिटले, कारण पडद्याकडं बघून तपासलं तर ते खरं नाही, असं हे म्हणायचे. चाचपडत बटण दाबलं.

आणि तो बोलला. तोच, सर्दी झालेला. समोर उघडं होतं ते त्याचंच पत्र, तेच त्यानं वाचायला घेतलं. एक शब्द गाळला नाही. शेवटी आला आणि मोकळ्या घरात मोठ्यानं म्हणाला, “घरी सर्व क्षेम?”

मी टेबलावर डोकं टेकून रडले. पोटभर रडले. मग उठून तोंड धुतलं, तांब्याभर पाण्यातच, आणि उत्तर लिहायला बसले. साहित्य लिहिलं. कृती लिहिली. निरीक्षणापाशी आले आणि लिहिलं: आवाज स्पष्ट येतो. सर्व ओळी वाचतो. ऐकायला सर नाहीत. हे मत नव्हतं, जे झालं तेच होतं, म्हणून खोडलं नाही. अनुमानात लिहिलं, सगळ्यांना द्यावा.

पाठवणार, तेवढ्यात काहीतरी राहिलंय असं वाटलं. परत वर गेले. साहित्याच्याही वर जागा केली आणि तिथं लिहिलं, “सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. वडिलांची तब्येत आता कशी आहे?”